आणखी एक वाडगा

लाकूडकामाच्या सगळ्या छंदांत लेथ, म्हणजे लाकूड गरगर फिरवत कातायचं यंत्र, सर्वांत धोकादायक. बोटांना नव्हे, त्या बाबतीत गोल करवत पुष्कळ पुढे आहे. धोका असतो तो नातेवाइकांना.

हौशी माणसाने कपाट करायला घेतलं, की आप्तेष्ट सहा महिने निर्धास्त असतात. कधी सांधा बसत नाही, कधी बिजागरी मिळत नाही, कधी पावसाळ्यात पॉलिश वाळत नाही. लेथवाल्याचं तसं नाही. हाताशी वाळलेला ठोकळा असला आणि सकाळच्या चहानंतर तो चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, आवळला, की पानं घेईपर्यंत वाडगा हजर. इतकं झटपट होणारं आणि झाल्यावर इतकं गुळगुळीत, गोल, देखणं दिसणारं काम सुतारकीत दुसरं नाही. करणाऱ्याला वाटतं, हे आपणच केलं? आणि त्या आश्चर्याच्या भरात तो दुसरा ठोकळा शोधायला लागतो.

आता कोणत्याही घराला वाडगे लागून लागून लागणार किती? पहिला कौतुकाने टेबलावर ठेवला जातो, दुसऱ्यात फळं ठेवतात, तिसऱ्याच्या वेळी घरातून प्रश्न येतो, “हा कुठे ठेवायचा?” हा प्रश्न आला, की बारशी, मुंजी, वास्तुशांती आणि सेवानिवृत्तीचे समारंभ एकदम जिव्हाळ्याचे वाटू लागतात. ‘स्वहस्ते बनवलेली भेट’ म्हणून जिचं कौतुक होतं, तिचा उगम पुष्कळदा प्रेमात नसून जागेच्या टंचाईत असतो.

पाश्चात्त्य देशांत या मंडळींची सोय पंचांगातच करून ठेवली आहे. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस चांदीचा, पन्नासावा सोन्याचा, हे आपल्याकडेही रुळलं. पण त्यांच्या यादीत पहिला कागदाचा आणि पाचवा लाकडाचा असतो. म्हणजे ओळखीत एखादा लेथवाला असला, की जोडप्याच्या पाचव्या वाढदिवशी काय येणार हे लग्नाच्या मांडवातच ठरलेलं असतं. उंच दांड्याचे दोन चषक, जोडीने.

हा आजार निवृत्त इंजिनिअरांनी आणला असं कुणी समजू नये. तो राजघराण्यांतून आला आहे. सोळाव्या शतकात जर्मनीतल्या सॅक्सनीचा शासक, इलेक्टर ऑगस्ट, हा राज्यकारभारातून वेळ काढून स्वतः लेथवर बसत असे. राजाच तो, त्यामुळे लाकडावर भागत नव्हतं; तो हस्तिदंत कातायचा. जर्मन राजघराण्यांत पुढे राजपुत्राला घोडा, तलवार आणि लॅटिन यांच्या जोडीने लेथही शिकवायची पद्धत पडली. भूमिती कळते, हात स्थिर होतो, मनाला शिस्त लागते, अशी कारणं दिली जात. खरं कारण बहुधा एवढंच, की सिंहासनावर बसून दिवसअखेर ‘आज काय झालं’ हे दाखवता येत नाही, लेथवर येतं.

अशा दरबारांत कातलेल्या हस्तिदंती चषकांचे नमुने ड्रेस्डेनच्या ग्रीन व्हॉल्ट या संग्रहालयात आजही पाहायला मिळतात. खाली बैठक, तिच्यावर नाजूक दांडा, दांड्यावर पोकळ गोळा, त्याच्या आत आणखी एक गोळा, वर पेला, पेल्यावर झाकण, झाकणावर पुन्हा एक दांडा. यातून एक घोटही पिता येत नाही. पिण्यासाठी ते कधी नव्हतेच. हा चषक दुसऱ्या राजाला भेट द्यायचा. तोही घरी लेथ बाळगून असला तर त्याच्याकडून उलट चषक येणार. कोबुर्गच्या ड्यूकच्या पदरी मार्कुस हायडेन नावाचा अप्रतिम कारागीर होता. तीस वर्षांच्या युद्धात, 1632 साली, कोबुर्ग लुटलं गेलं आणि माटियास दे मेदिची या इटालियन राजपुत्राने हायडेनचे चषक उचलून फ्लॉरेन्सला नेले. तिथल्या पित्ती राजवाड्यात ते अजून आहेत. कातलेला चषक कुणाला इतका हवासा वाटला, की त्याने तो पळवून नेला, अशी उदाहरणं इतिहासात फार नसावीत. आजच्या लेथवाल्यांनी ही गोष्ट मनोबल टिकवण्यासाठी लक्षात ठेवावी.

रशियाचा पीटर द ग्रेट तर या बाबतीत अट्टल. राजवाड्यात त्याची स्वतःची लेथशाळा होती आणि आंद्रेई नार्तोव नावाचा बुद्धिमान यंत्रज्ञ तिची देखभाल करायचा. पीटरने जहाजं बांधली, शहर वसवलं, सरदारांच्या दाढ्या उतरवल्या आणि उरलेल्या वेळात हस्तिदंती झुंबर कातलं. झारने स्वतः केलेली वस्तू हातात पडली, की समोरच्याने काय म्हणावं याबाबत फारसा पर्याय नसणार. नार्तोवला पुढे परदेशी धाडलं, तेव्हा बर्लिनमध्ये त्याने प्रशियाच्या राजालाही कातकामाचे धडे दिले. लागण अशीच पसरते.

या छंदावरचा पहिला मोठा ग्रंथ शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच धर्मगुरूने लिहिला. 1701 साली तो लिऑं शहरात छापला गेला. हे गृहस्थ वनस्पतिशास्त्रज्ञही होते आणि आपल्या देवळाबाहेरच्या देवचाफ्याचं शास्त्रीय नाव, प्लुमेरिया, त्यांच्यावरूनच पडलं आहे. पुढे लंडनमध्ये होल्टझाप्फेल घराण्याने श्रीमंत हौशी लोकांसाठी नक्षीकामाचे लेथ विकायला काढले आणि सोबत माहितीपुस्तिका म्हणून जे लिहायला घेतलं, त्याचे 1843 ते 1884 या काळात पाच जाडजूड खंड झाले. पहिला खंड बापाने लिहायला घेतला, शेवटचे मुलाने पुरे केले. मिक्सरबरोबर येणारं पत्रकही न वाचणाऱ्या आपल्या लोकांना यातला त्याग कळायचा नाही.

राजे गेले, हस्तिदंतावर बंदी आली, उरलं लाकूड. आणि लाकडाला स्वतःची मतं असतात.

नुकत्याच पाडलेल्या झाडाचं लाकूड पाण्याने भरलेलं असतं. ते कातायला अतिशय सुखाचं. पटाशी लावली की लांबच लांब ओल्या रिबिनी सुटतात, कारागिराच्या दाढीत, बाहीत, चहाच्या कपात जाऊन पडतात, आणि धूळ अजिबात नाही. पण हे पाणी पुढे उडून जातं आणि लाकूड आक्रसतं. तेही सगळीकडून सारखं नाही. खोडाच्या लांबीत जवळजवळ नाहीच. गाभ्यापासून सालीच्या दिशेने थोडं. आणि वर्षवलयांच्या कडेकडेने त्याच्या साधारण दुप्पट. त्यामुळे सोमवारी तंतोतंत गोल असलेला वाडगा महिनाभरात लंबगोल होतो. नशीब चांगलं नसेल, तर रात्री सगळे झोपल्यावर ‘टक्’ असा आवाज येतो आणि सकाळी कडेपासून बुडापर्यंत चीर गेलेली दिसते.

यावर तोड अशी, की वाडगा आधी जाड भिंतीचा, ओबडधोबड कातून ठेवायचा. व्यासाच्या एक दशांश जाडी, हा सर्वमान्य हिशेब: दहा इंची वाडग्याची भिंत एक इंचाची. मग त्याला मेण फासून, कागदी पिशवीत घालून, वर्षभर कुठेतरी सावलीत विसरून जायचं. वाळून वेडावाकडा झाला की पुन्हा चकवर चढवून खरा गोल कातायचा. विसरून जाणं मात्र कुणाला जमत नाही. पुष्कळ लेथवाले दर महिन्याला वाडगा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन लिहून ठेवतात. वजन घटायचं थांबलं म्हणजे लाकूड वाळलं. घरातल्या बाळाचं वजन वाढतंय की नाही यापेक्षा बाभळीच्या ठोकळ्याचं घटतंय की नाही याची काळजी जास्त, असं दृश्य दिसू शकतं. आणि हे सुकत पडलेले वाडगे एकदोन नसतात. पलंगाखाली, माळ्यावर, सोफ्यामागे त्यांची पुढची पिढी वाट पाहत असते. नातेवाइकांच्या पुढच्या दिवाळीची तजवीज यंदाच झालेली असते.

लाकडाच्या बाबतीत या मंडळींची दृष्टीही बदलते. वादळात झाड पडलं की इतर लोक गाडी सुरक्षित आहे का बघतात. हा खोडाचा घेर बघतो. सागाला महाराष्ट्रात केवढा मान, पण लेथवाला त्याच्यावर खूश नसतो, कारण सागात सिलिका असते आणि ती पटाशीची धार बघता बघता खाऊन टाकते. उलट ज्या आंब्याच्या ओंडक्यात बुरशी शिरून काळ्या रेघांची नक्षी उठली आहे, ज्याला वखारवाला जळाऊ लाकडात टाकील, तो ओंडका बघून याचे डोळे पाणावतात. कुजायला लागलेलं, पण पुरतं न कुजलेलं लाकूड याला सर्वांत प्रिय. बुरशी किती दिवस चालू द्यायची आणि कधी थांबवायची यावर ही माणसं तासन्‌तास बोलू शकतात, आणि बोलतात.

वाडग्यापेक्षा चषक अवघड. वाडग्यात लाकडाचे तंतू आडवे असतात. चषकात उभे, कारण दांडा आडव्या तंतूंचा केला तर बोटाच्या धक्क्याने कटकन मोडेल. पण त्यामुळे पेला पोखरताना तंतूंच्या टोकांवरच हत्यार चालवावं लागतं, आणि ते काम चिवट. क्रमही ठरलेला. आधी पेल्याचा आतला भाग पोखरायचा, मग बाहेरून त्याची भिंत उतरवायची. भिंत किती पातळ झाली हे बघायला काही जण पेल्यात दिवा सोडतात. लाकडातून तांबूस उजेड झिरपायला लागला की हात आखडता घ्यायचा. मग दांड्याचा पहिला इंच, तो पुरा झाला की दुसरा. मागे वळायला परवानगी नाही, कारण दांडा बारीक झाला की वरचा पेला थरथरायला लागतो आणि पुन्हा त्याला हत्यार लावणं म्हणजे निरोप घेणं. शेवटी पायथा. काही हौशी लोक याच दांड्यावर, त्याच लाकडातून, एक सुटी कडी कातून ठेवतात. ती वरूनही निघत नाही, खालूनही नाही. पाहुण्यांनी “ही आत कशी घातली?” असं विचारावं एवढंच तिचं कार्य. कुणी विचारलं नाही तर चषक त्यांच्यासमोर जरा हलवून दाखवला जातो.

एवढं सगळं करताना पटाशीची कड किंचित चुकली, की टोक लाकडात रुततं. मिनिटाला हजार फेऱ्या घेणारा वाडगा त्याच क्षणी चक सोडून भिंतीकडे झेपावतो. तोंडावर जाड प्लास्टिकची ढाल लावूनच उभं राहायचं, हा नियम म्हणूनच आहे. बूड कातता कातता आरपार भोक पडलं, तर त्या वस्तूला नरसाळं म्हणायची जगभर प्रथा आहे. आणि भेटवस्तू मूळ बेतापेक्षा बरीच लहान वाटत असेल, तर तिचा काही भाग वाटेत शहीद झाला असं समजावं.

आता चषक हातात आला. पिता येईल का? हे लाकडावर आहे. अमेरिकेतल्या रेड ओकची छिद्रं इतकी सरळ मोकळी असतात, की त्याचा एक तुकडा टोकाला तोंड लावून फुंकला तर दुसऱ्या टोकाने हवा येते. त्याच्या चषकात वाइन ओतली तर ती पायथ्यातून टेबलावर अवतरते. त्याचाच भाऊ व्हाइट ओक, त्याची छिद्रं आतून बुजलेली असतात. म्हणून दारूची पिंपं त्याची करतात. यू नावाचं युरोपियन लाकूड केशरी, फारच देखणं, आणि झाड विषारी. त्याचा चषक कुणी भेट दिला, तर आधी आपले संबंध कसे आहेत ते आठवून बघावं.

आपल्याकडे पिण्यासाठीच कातलेला एक लाकडी पेला मात्र सर्रास मिळतो. तो बिबळ्याचा, म्हणजे विजयसाराचा. रात्री त्यात पाणी भरून ठेवायचं, सकाळी ते निळसर झाक मारतं, आणि मधुमेहावर उतारा म्हणून लोक ते पितात. रंग खरा आहे. औषधाचं डॉक्टरांना विचारावं. पण भेट म्हणून याच्याइतकी स्पष्टवक्ती वस्तू दुसरी नाही. लग्नात कुणी विजयसाराचा पेला दिला, तर “जेवणात गोड जरा बेताने घ्या” हे न बोलता सांगून होतं.

खरी परीक्षा पुढे, ती घेणाऱ्याची. वाडगा सुंदर असतो, यात वाद नाही. पण तो साबणाच्या पाण्यात भिजत टाकायचा नाही, मायक्रोवेव्हमध्ये घालायचा नाही, उन्हात ठेवायचा नाही, गरम आमटी तर मनातही आणायची नाही. अधूनमधून तेल चोळायचं, तेही खवट न होणारं. आणि कामाला ठेवलेल्या बाईंना हे सगळं समजावून सांगायचं. एवढी सेवा तर सासूबाई आल्यावरही करावी लागत नाही. मग तो वाडगा मराठी घरातल्या ठरलेल्या मार्गाला लागतो. आठवडाभर टेबलाच्या मध्यभागी, महिनाभर सफरचंदांसाठी, त्यानंतर किल्ल्या, रबरबँड, अर्धी झालेली गोळ्यांची पाकिटं, विजेचं बिल आणि कुठल्या तरी रिमोटचा सेल. चषक शोकेसमध्ये जातो आणि महाबळेश्वरहून आणलेली काठी व शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेचा करंडक यांच्यामध्ये उभा राहतो. अमेरिकेतल्या आत्तेभावाने गराजमध्ये कातून आणलेला असेल, तर एप्रिलच्या पुण्यात पहिल्याच आठवड्यात त्याला तडा जाण्याची शक्यता असते. त्या वेळी दोष पुण्याच्या हवेला द्यावा. पुणेकरांना एरवीही ते ऐकायची सवय नाही, पण पाहुणा दुखावत नाही.

लेथवाला घरी आला की पहिल्यांदा आपला वाडगा कुठे आहे ते डोळ्यांनी शोधतो. सापडला की उचलतो आणि उलटा करतो. जगभरच्या लेथवाल्यांची ही खूण आहे: सामान्य माणूस वाडग्याच्या आत बघतो, हे बुडाकडे बघतात. चकमध्ये धरलेली खूण नीट पुसली आहे का, बैठक स्वच्छ उतरली आहे का, हे तिथे कळतं, आणि सही, साल व झाडाचं नावही तिथेच लिहिलेलं असतं. उलटा करताना आतले रबरबँड आणि विजेचं बिल खाली पडतं. दोघंही ते पाहत नाहीत.

अमेरिकेतल्या लेथवाल्यांनी मात्र जास्तीच्या वाडग्यांवर एक खराखुरा मार्ग शोधला. तिथे 1986 साली त्यांची राष्ट्रीय संघटना निघाली, आणि तिच्या स्थानिक मंडळांतून ही माणसं आधी एकमेकांनाच वाडगे देऊ लागली. एक प्रथा तर अशी, की चिठ्ठीत ज्याला वाडगा लागेल त्याने पुढच्या बैठकीला स्वतःचा वाडगा आणायचाच. म्हणजे घरातली संख्या तेवढीच. पण त्याहून बरी गोष्ट ‘एम्प्टी बोल्स’ची. मिशिगनमधल्या जॉन हार्टम या कलाशिक्षकाने 1990 साली विद्यार्थ्यांकडून मातीचे वाडगे करवून घेतले. लोकांनी पैसे देऊन साधं सूप-पाव खावं, वाडगा घरी न्यावा आणि पैसे भुकेल्यांच्या अन्नासाठी जावेत. ही कल्पना गावोगाव पसरली आणि कुंभारांच्या बरोबरीने लेथवालेही आपले वाडगे घेऊन उभे राहिले. कर्करोगाशी झुंजणाऱ्या मुलांना प्रत्येक उपचारागणिक एक मणी देणारा ‘बीड्स ऑफ करेज’ हा उपक्रमही आहे. ते मणी ठेवायला ही मंडळी झाकणाच्या लाकडी डब्या कातून पाठवतात. इथे विनोद करायला जागा नाही. त्या डब्यांत रबरबँड पडत नाहीत.

आणि मुळात वाडगा ही भेटवस्तू नव्हतीच. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याची ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका 1545 साली बुडाली. समुद्रतळाशी तिच्या अवशेषांत खलाशांचे कातलेले लाकडी वाडगे आणि थाळ्या सापडल्या, आणि पुष्कळांवर मालकाने आपली खूण खरवडलेली होती. आपलं भांडं दुसऱ्याने उचलू नये, ही चिंता नौदलातही होती. बर्कशायरमधल्या बकलबरीचा जॉर्ज लेली हा अशा जेवणाच्या वाडग्यांचा इंग्लंडमधला शेवटचा पारंपरिक कारागीर. लवचीक काठीला बांधलेली दोरी आणि पायाखालची फळी एवढाच त्याचा लेथ. पाय दाबला की लाकूड पुढे फिरणार, सोडला की उलटं. कातायचं फक्त दाबताना. एल्मच्या एकाच ठोकळ्यातून तो एकात एक बसणारे कितीतरी वाडगे काढायचा. 1958 साली तो गेला. लेथ रेडिंगच्या ग्रामजीवन संग्रहालयात ठेवला आहे.

आपल्याकडचे कातारीही याच जातकुळीचे. पाळण्याचे खांब, पलंगाचे पाय, भोवरे, रव्या, लाटणी हा त्यांचा माल. सावंतवाडीच्या चितार आळीतली रंगीत लाकडी फळं तर रुखवतात मांडायला अजून नेतात. कातकामावर लाखेचा रंग चढवायची आपल्याकडची रीत पाहण्याजोगी आहे. वस्तू लेथवर फिरत असतानाच लाखेची कांडी तिच्यावर टेकवायची. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडाला चिकटते. ब्रश नाही, वाळवणं नाही. कर्नाटकातल्या चन्नपट्टणमध्ये मग वरून केवड्याचं पान दाबून चकाकी आणतात. ही वस्तू करणाऱ्याचा जीव दर नगामागे काय मिळणार यात असतो, त्यामुळे तो ती उलटी करून दाखवत बसत नाही.

यातून वाचकांना एक व्यवहारी सूचना करावीशी वाटते. आपल्या नात्यात कुणी लेथ घेतला असल्याची बातमी आली, तर वाढदिवसाची वाट बघत बसू नका. आजच फोन करा, मनापासून कौतुक करा, आणि त्याच दमात सांगून टाका की घरातलं लाटणं मध्ये झिजलंय, पोळ्या मध्येच जाड राहतात, तर एक चांगलं लाटणं हवंय. तो नाराज होईल. लाटण्यात कला ती काय, कडी कुठे अडकवायची, असं म्हणेल. तरी मागे हटू नका. लाकूड शिसवीचं घ्यायला सांगा, लांबी आणि जाडी कळवा, आणि त्याला सही करायचीच असेल तर ती मुठीवर करू द्या.